रक्त-लघवीतून स्कोलीन कसं शोधायचं: ट्यूबपासून रिपोर्टपर्यंत

ऑपरेशन थिएटरात सगळे ज्याला 'स्कोलीन' म्हणतात, त्याचं कागदावरचं नाव सक्सामेथोनियम किंवा सक्सिनिलकोलीन. शिरेतून दिलं की मिनिटभरात स्नायू ढिले पडतात, भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालता येते आणि पाच-दहा मिनिटांत असर उतरतो. १९५१ च्या सुमारास ते वापरात आलं आणि अजून टिकून आहे ते याच चपळाईमुळे. रक्तात त्याचा अर्धायुकाल एक मिनिटही नसतो. रुग्णाच्या दृष्टीने ही सोय, पण नंतर रक्तात ते औषध शोधायला बसणाऱ्याची त्यामुळेच पंचाईत होते.

हा लेख विषशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, हॉस्पिटलच्या लॅबमधल्या तंत्रज्ञांसाठी आणि कॅज्युअल्टीत पहिला नमुना घेणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामात महागडं मशीन शेवटी येतं. निकाल बव्हंशी ठरतो तो सुई बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, आणि 'सापडलं नाही' या शब्दांइतकेच 'सापडलं' हे शब्दही जपून लिहावे लागतात.

आधी रेणू समजून घ्या

सक्सामेथोनियम म्हणजे सक्सिनिक आम्लाच्या दोन टोकांना एकेक कोलीन चिकटवलेलं. हे जोड एस्टरचे. रक्तद्रवात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, ज्याला भूलशास्त्रात स्यूडोकोलिनएस्टरेज म्हणायची पद्धत आहे. ते पहिला जोड झपाट्याने तोडतं. उरतं ते सक्सिनिलमोनोकोलीन. इथून पुढे त्याला 'मोनो' म्हणू. मोनो सावकाश तुटतं, आणि शेवटी हाती येतात सक्सिनिक आम्ल आणि कोलीन.

हे शेवटचे दोन पदार्थ आपल्या कामाचे नाहीत. दोन्ही प्रत्येक जिवंत पेशीत असतात. फ्लोरिडातला १९६७ चा कोपोलिनो खटला गाजला तो याच मुद्द्यावर. भूलतज्ज्ञ कार्ल कोपोलिनोवर पत्नीला हे औषध दिल्याचा आरोप होता, आणि न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक मिल्टन हेल्पर्न यांच्या कार्यालयाने जो रासायनिक पुरावा मांडला त्याचा मोठा भार सक्सिनिक आम्लावर होता. कोपोलिनो दोषी ठरला, पण शरीरात मुळातच असलेल्या पदार्थावरून बाहेरून आलेलं औषध सिद्ध होतं का, हा वाद त्यानंतर कायम राहिला. आज कुठल्याही लॅबने या दोन पदार्थांच्या आकड्यांवर मत देऊ नये.

दुसरी गोष्ट अशी की या रेणूवर दोन कायमचे धन भार आहेत. सामू (पीएच) कितीही बदला, ते जात नाहीत. व्हिसेरा तपासण्याची आपली नेहमीची रीत, म्हणजे द्राव अल्कलाइन करून सेंद्रिय द्रावकात औषध ओढून घेणं, इथे दोन्ही बाजूंनी फसते. भारित रेणू पाण्यातच बसून राहतो, आणि अल्कलीत त्याचे एस्टर झपाट्याने फुटतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत थेट सोडावं तर तो उडत नाही, उष्णतेने मोडतो. म्हणून साध्या व्हिसेरा तपासणीचा 'विष आढळले नाही' असा सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट आला, तर त्यावरून स्कोलीन नव्हतं असं म्हणता येत नाही. त्या तपासणीच्या जाळ्यात हा मासा येतच नाही. संशय असेल तर पाठवतानाच्या पत्रात औषधाचं नाव घालून वेगळी चाचणी मागावी लागते, मग नमुना मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जावो की विभागीय प्रयोगशाळेत.

पायरी १: नमुना घेण्याआधीची तयारी

ट्यूब आधी बर्फात ठेवा. एन्झाइमला आवर घालणारं रसायन तिच्यात आधीच घातलेलं हवं. रक्त आल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही.

आवर घालायला काय वापरायचं? संशोधनात पॅराऑक्सॉन वापरलेलं आहे आणि ते एन्झाइम पुरतं गप्प करतं. पण ते पॅराथिऑन या कीटकनाशकाचं सक्रिय रूप आहे, म्हणजे हाताळणाऱ्यासाठीही तितकंच जहाल. फ्यूम हूड, दुहेरी हातमोजे आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. फायसोस्टिग्मीन किंवा निओस्टिग्मीन हे त्यातल्या त्यात हाताशी असणारे पर्याय. निओस्टिग्मीन तर भूलतज्ज्ञाच्या ट्रॉलीवरच असतं. मात्र त्यांची पकड कायमची नसते, म्हणून बर्फ आणि वेग सोडता येत नाही. कुठलंही निवडलंत तरी आधी निरोगी दात्याच्या रक्तात औषध घालून, किती वेळात किती उरतं, हे स्वतःच्या लॅबमध्ये मोजा. पुस्तकातला आकडा तुमच्या ट्यूबला लागू होईलच असं नाही.

हाताशी काहीच नसेल तर राखाडी बुचाची, सोडियम फ्लोराइडची ट्यूब घ्या. फ्लोराइड या एन्झाइमला काही अंशी दाबतं. पुरेसं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. साधी लाल बुचाची ट्यूब सगळ्यात वाईट. तीत रक्त गोठेपर्यंत अर्धा तास बाहेर ठेवायचं म्हणजे एन्झाइमला मोकळं रान देणं.

पायरी २: रक्त

रक्त घेतलं की ट्यूब हळुवार पाच-सहा वेळा उलटसुलट करा. झटके दिले तर पेशी फुटतील. लगेच बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांचा ट्यूबशी नीट स्पर्श होत नाही. ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून रक्तद्रव वेगळा काढा. तो सौम्य आम्लाने सामू ४ च्या आसपास आणा, छोट्या पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत वाटून टाका आणि उणे ८० अंशांत ठेवा. ती सोय नसेल तर उणे २०, पण मग विश्लेषण लवकर करा. आम्ल घालायचं ते रक्तद्रव वेगळा केल्यावर. आधी अख्ख्या रक्तात घातलंत तर हाती लाल काला येतो.

काचेच्या नळ्या टाळा. धनभारित रेणू काचेच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि मात्रा मुळात कमी असेल तर जेवढं होतं तेवढं सगळं भिंतीवरच राहतं.

एक जादा काम करा. त्याच ट्यूबच्या जातीत, त्याच रसायनासह, निरोगी दात्याचं रक्त घेऊन त्यात ठरावीक मात्रेत औषध घाला आणि ही नळी मूळ नमुन्याच्या सोबतीने ठेवा, सोबतीने पाठवा. शेवटी तीत किती उरलं यावरून प्रवासात काय झालं ते कळतं. हॉस्पिटलला हा उपद्व्याप वाटेल. जमलं तर मात्र कोर्टात या नळीइतका आधार दुसऱ्या कशाचा मिळत नाही.

पायरी ३: लघवी, जी बहुतेक वेळा फेकली जाते

थोडं स्कोलीन न तुटता मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवीत हे एन्झाइम जवळपास नसतं, त्यामुळे तिथे पोचलेलं औषध रक्तापेक्षा बरं टिकतं. म्हणून मी रक्ताआधी लघवीच मागेन. रुग्णाला कॅथेटर घातलं असेल तर पहिली पिशवी रिकामी करू नका असं सिस्टरना आणि वॉर्डबॉयना स्पष्ट सांगा. वेळेची नोंद करा, सामू पाहा आणि तो ४ ते ५ दरम्यान आणा. जंतुसंसर्ग असलेली लघवी अल्कलाइन होत जाते आणि तिथे औषध रसायनानेच फुटतं. मग गोठवा. मिठाचा संपृक्त द्राव हा व्हिसेऱ्यासाठी ठीक, इथे त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत नेवाडा राज्याच्या कंट्रोलर कॅथी ऑगस्टीन २००६ मध्ये दगावल्या. परिचारक असलेला त्यांचा पती २००७ मध्ये दोषी ठरला. त्यात एफबीआयच्या प्रयोगशाळेला औषध सापडलं ते लघवीत, आणि तो नमुना त्या हॉस्पिटलात असतानाच घेतलेला होता.

शवविच्छेदनात लघवी, डोळ्यातला द्रव, मांडीच्या शिरेतलं रक्त आणि टोचल्याची खूण दिसत असेल तर तिथल्या त्वचेचा व स्नायूचा तुकडा घ्या. तुलनेसाठी विरुद्ध बाजूचा तेवढाच तुकडाही हवा. मृतदेहावर रसायनांचं लेपन होण्याआधी हे सगळं व्हायला हवं. रक्तातलं पोटॅशियम मोजून काही सांगता येईल ही आशा सोडा. स्कोलीनने ते वाढतं हे खरं, पण मृत्यूनंतर ते सगळ्यांचंच वाढतं.

पायरी ४: अंतर्गत मानक, आणि त्यातली मेख

नमुना वितळायला बर्फावरच ठेवा आणि वितळताक्षणी अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचा पदार्थ, घाला. सक्सामेथोनियमसाठी डी-१८ रूप मिळतं, म्हणजे दोन्ही टोकांच्या मिथाइल गटांतले १८ हायड्रोजन बदलून ड्यूटेरियम घातलेलं. मास स्पेक्ट्रोमीटरला ते वेगळं दिसतं, बाकी वागणूक सारखीच.

इथे जरा थांबून विचार करा. हे डी-१८ तुटलं तर काय बनेल? डी-९ मोनो. म्हणजे तुम्ही मोनोसाठी डी-९ मानक वापरत असाल, तर एका मानकाच्या मोडतोडीतून दुसरं मानक वाढत जाईल आणि मोनोचा आकडा खोटा कमी येईल. म्हणून मोनोसाठी वेगळ्या ठिकाणी ड्यूटेरियम असलेलं, उदाहरणार्थ डी-३ रूप घ्यावं.

आणि हीच मेख उलटी फिरवून वापरता येते. फक्त डी-१८ आणि डी-३ घातले असताना एम/झेड (वस्तुमान भागिले भार) २१३ ला डी-९ मोनोचं शिखर दिसू लागलं, तर औषध तुमच्याच हातात, तुमच्याच बाकावर फुटतंय. शरीरात काय घडलं आणि लॅबमध्ये काय घडलं हे वेगळं करणारा इतका स्वस्त साक्षीदार दुसरा नाही. प्रत्येक बॅचमध्ये हा चॅनेल चालू ठेवा, एरवी त्यात काही दिसलं नाही तरी.

पायरी ५: शुद्धीकरण

सगळ्यात सोपं म्हणजे थंड, फॉर्मिक आम्ल घातलेल्या अॅसिटोनायट्राइलने प्रथिनं खाली बसवून वरचा द्राव घेणं. एन्झाइमही त्यात मरतं. मात्रा फार कमी असेल तर घन-अवस्था कार्ट्रिज, म्हणजे द्रावातून औषध पकडून ठेवणारी भरलेली नळी, लागतं.

कार्ट्रिज निवडताना दोन खड्डे आहेत. धनभारित रेणू पकडणाऱ्या तीव्र कॅटायन एक्सचेंजवर हा रेणू पक्का बसतो, पण सामू वाढवून त्याचा भार घालवता येत नसल्यामुळे सुटत नाही. सौम्य कॅटायन एक्सचेंज बरं, कारण तिथे आम्ल टाकून कार्ट्रिजचाच भार घालवता येतो. पण या कार्ट्रिजच्या छापील पद्धतीत अनेकदा अमोनियाने धुण्याची पायरी असते. ती गाळा. छापील कागद इमानेइतबारे पाळला तर तिथेच औषध संपतं. त्याऐवजी उदासीन बफर आणि मग मेथनॉल, तेही भराभर.

शिवाय मोनोच्या एका टोकाला आता कार्बॉक्सिलिक आम्ल मोकळं झालंय, त्यामुळे उदासीन सामूवर त्याचा एकूण भार शून्य होतो आणि या कार्ट्रिजवर ते धड टिकत नाही. दोन्ही हवे असतील तर आम्लधर्मी द्रावात हेप्टाफ्लुओरोब्युटिरिक आम्लाची जोडी लावून पॉलिमर कार्ट्रिजवर पकडा. या आम्लाची कटकट अशी की ते मशीनच्या नळ्यांत घर करून बसतं आणि नंतरच्या कामात सिग्नल दाबतं.

अर्क वाळवताना उष्णता बेताची ठेवा आणि परत विरघळवताना द्राव आम्लधर्मीच हवा.

पायरी ६: एलसी-एमएस/एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री)

साध्या सी-१८ कॉलमवर हे रेणू थांबत नाहीत, मोकळ्या द्रावासोबत वाहून जातात. एक तर वर सांगितलेलं जोडी-आम्ल वापरा किंवा पाण्यात रमणारे रेणू धरून ठेवणारा हिलिक कॉलम घ्या. अमोनियम फॉर्मेट, थोडं फॉर्मिक आम्ल आणि सुरुवातीला भरपूर अॅसिटोनायट्राइल. मला हिलिक पसंत आहे, मशीन स्वच्छ राहतं म्हणून.

आता एक दृश्य जवळून पाहू. सक्सामेथोनियमचं वस्तुमान २९०.२, पण भार दोन, म्हणून मशीनला ते एम/झेड १४५.१ ला दिसतं. त्यातून ट्रायमिथाइलअमीन निघालं की तुकडा ११५.६ ला येतो. मोनो दिसतं २०४.१ ला आणि त्यातूनही ट्रायमिथाइलअमीन निघालं की तुकडा येतो १४५.०५ ला. म्हणजे मोनोचा तुकडा आणि मूळ औषध दोघं १४५ वरच उभे! मोनो आयन-स्रोतातच फुटलं तर साध्या ट्रिपल क्वाड मास स्पेक्ट्रोमीटरला मूळ औषधच आल्यासारखं वाटू शकतं.

यातून सोडवणाऱ्या तीन खुणा आहेत. पहिली, कॉलमवर दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर आलेच पाहिजेत. मोनोच्या वेळेवर १४५ दिसलं तर ते औषध नव्हे. दुसरी, ११५.६ हा अर्ध्या आकड्याचा तुकडा दोन भारांच्या आयनालाच शक्य आहे. तिसरी, पूर्ण स्कॅनमध्ये समस्थानिकाचं शिखर पाहा. दोन भार असतील तर ते अर्ध्या अंतरावर, १४५.६ ला येतं; एक भार असेल तर १४६ ला. उच्च-विभेदन मशीन असेल तर १४५.११ आणि १४५.०५ सरळ वेगळे दिसतात आणि हा वाद तिथेच मिटतो.

प्रत्येक रेणूसाठी निदान दोन संक्रमणं, म्हणजे मूळ आयन आणि त्याचा तुकडा अशा जोड्या, ठेवा. दुसरं संक्रमण आणि त्याची ऊर्जा तुमच्या मशीनवर मानक सोडून ठरवा. दोघांचं गुणोत्तर आणि बाहेर यायची वेळ मानकाशी जुळली तरच ओळख पक्की. मोठ्या मात्रेच्या नमुन्यानंतर कोरा नमुना सोडायला विसरू नका, हा रेणू मागे रेंगाळतो.

पायरी ७: कोरे नमुने, जितके जास्त तितके चांगले

कॅलिब्रेशनचे नमुने साध्या पाण्यात करू नका. ज्या द्रवात शोधताय त्याच द्रवात, त्याच रसायनासह करा. पण खरी गरज आहे ती 'औषध नक्की दिलेलं नाही' अशा नमुन्यांची, आणि तेही नुसत्या ताज्या रक्ताचे नव्हेत. मृत्यूनंतरचं रक्त, जुनी लघवी, यकृत, मूत्रपिंड, लेपन केलेल्या मृतदेहाच्या ऊती, असे सगळे हवेत.

कारण सांगतो. फ्लोरिडातले वैद्यकीय परीक्षक विल्यम सायबर्स यांची पत्नी १९९१ मध्ये वारली. पुढे ऊतींत मोनो सापडल्याच्या आधारावर त्यांना २००१ मध्ये खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. २००३ मध्ये अपील न्यायालयाने ही चाचणी वैज्ञानिक वर्तुळात मान्य झाल्याचं दाखवता आलेलं नाही म्हणून तो निकाल फिरवला. त्याच वर्षी एफबीआयच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की औषध न दिलेल्या व्यक्तींच्या ऊतींतही मोनो आढळतं. हा गोंधळ त्या एका खटल्यापुरता नव्हता. लेपन झालेल्या किंवा कुजू लागलेल्या ऊतींत नुसतं मोनो दिसलं तर औषध दिलं होतं असं म्हणायचं नाही, हा धडा तिथून घ्यावा लागतो.

पायरी ८: आकड्याचा अर्थ लावणं

मूळ औषध पक्कं सापडलं, तर पहिला प्रश्न मशीनचा नाही, केसपेपरचा. कॅज्युअल्टीत नळी घालताना स्कोलीन दिलं होतं का? अत्यवस्थ आलेल्या कित्येकांना ते उपचार म्हणूनच दिलं जातं. त्यामुळे उपचाराची नोंद, वायलचा हिशेब आणि नमुन्याची वेळ हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय मत देऊ नका. औषध देण्याआधी घेतलेला पहिला नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये पडून असेल तर तो सोन्याच्या मोलाचा. हॉस्पिटलच्या लॅबला तो न फेकण्याचं पत्र त्याच दिवशी द्या.

दुसरा प्रश्न रुग्णाच्या एन्झाइमचा. काहींच्यात ते जन्मतःच कमजोर किंवा जवळपास शून्य असतं, आणि मग पाच मिनिटांचा असर तासांवर जातो. डिब्युकेन क्रमांकावरून, म्हणजे डिब्युकेनने हे एन्झाइम किती टक्के दबतं यावरून, याचा अंदाज येतो. नेहमीच्या एन्झाइमला तो ८० च्या आसपास, जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत फरक असेल तर ६० च्या जवळ आणि दोन्हीत असेल तर २० च्या. मात्र एन्झाइम मुळातच नसेल तर हा क्रमांक काढायलाच जागा उरत नाही. तिथे सरळ एन्झाइमची क्रियाशीलता मोजावी लागते. आर्य वैश्य समाजात अशा निष्क्रिय एन्झाइमचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे आणि त्यामागे ३०७ व्या जागी ल्यूसीनऐवजी प्रोलीन आणणारा जनुकीय बदल सापडला आहे. हा समाज नांदेड, चंद्रपूर भागातही आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना हा प्रश्न परका नाही. अशा व्यक्तीच्या रक्तात औषध जास्त काळ दिसलं म्हणजे जास्त दिलं, असा निष्कर्ष चूक.

कीटकनाशकाच्या विषबाधेतही हेच. ऑर्गॅनोफॉस्फेटने रुग्णाचं एन्झाइम आधीच बंद पडलेलं असतं, मग नळी घालायला दिलेलं स्कोलीन रेंगाळतं. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या नमुन्यांत हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. एन्झाइम मोजायचं असेल तर आवर घालणारं रसायन न घातलेली वेगळी ट्यूब लागते, हे नमुना घेतानाच लक्षात ठेवा. रसायन घातलेल्या ट्यूबमध्ये ते शून्यच येणार.

काहीच सापडलं नाही, तर नमुन्याचा प्रवास पाहा. रसायन नव्हतं, बर्फ नव्हता, ट्यूब दोन दिवस टेबलावर होती, तर 'आढळले नाही' एवढंच लिहिणं वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. तिथे 'नमुना ज्या स्थितीत मिळाला त्या स्थितीत या औषधाची शक्यता वगळता येत नाही' असं स्पष्ट लिहा. तपास अधिकारी नाराज होतील, होऊ द्या.

रिपोर्टसोबत काय जोडायचं

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली शासकीय तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात वाचला जातो, आणि न्यायालय त्या तज्ज्ञाला बोलावूनही विचारू शकतं. त्यामुळे अहवालात निव्वळ निकाल नको. नमुना घेतल्याची, गोठवल्याची, वितळवल्याची वेळ, ट्यूबचा प्रकार आणि त्यातलं रसायन, मोहरांची स्थिती, शोधमर्यादा, कोऱ्या नमुन्यांचे आणि सोबतच्या नळीचे निकाल, २१३ च्या चॅनेलमध्ये काय दिसलं, आणि मूळ औषध व मोनो यांचा वेगवेगळा उल्लेख. 'सक्सिनिलकोलीन व त्याचे घटक आढळले' असं मोघम एकत्र लिहू नका.

उरलेल्या नळ्यांतली निदान एक न उघडता, न वितळवता मोहर लावून उणे ८० मध्येच राहू द्या. बचाव पक्षाने दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासणी मागितली तर तीच द्यावी लागेल, आणि एकदा वितळून परत गोठवलेल्या नमुन्यावर दोन लॅबचे आकडे जुळण्याची अपेक्षा धरता येत नाही.